हाली, कलदार आणि आईची सायकल

माझ्या लहानपणी तुळजापुरात दोन रुपये चालत. एक हैदराबादचा, त्यावर चारमिनार. त्याला हाली म्हणत. दुसरा कलदार, म्हणजे बाकीच्या देशात चालणारा. निजामाचे राज्य गेले, विलीनीकरण झाले, पण हाली रुपया लगेच गेला नाही. काही वर्षे दोन्ही एकाच गल्ल्यात पडत. सहा कलदार म्हणजे सात हाली, हे आमच्याकडे पाढ्यांबरोबर शिकवले जायचे. देवीला सोलापूरकडची माणसे यायची, त्यांच्या कमरेला कलदार असायचे. नारळवाला भाव सांगण्याआधी समोरच्याची टोपी बघायचा आणि मग कुठल्या रुपयात बोलायचे ते ठरवायचा.

जोंधळ्याला आणि गुळाला या दोन रुपयांचा त्रास नव्हता. ते इथेच पिकत आणि इथेच विकले जात. पण कापड, स्टोव्ह, शिवणाचे मशीन, जे जे सोलापूरहून यायचे त्याची किंमत कलदारात, आणि आमच्या घरातला पगार हालीत. सोलापूरच्या दुकानात शंभराला असलेली वस्तू आमच्या घरात एकशे सोळा रुपये दहा आण्यांची होऊन शिरायची. वस्तू तीच, दुकानदारही तोच. बाबा कचेरीत कारकून होते. सोलापूरचा भाव कानावर आला की ते डोळे मिटून पुटपुटत, सहाने भागून सातने गुणत, आणि मग डोळे उघडून म्हणत, "नको."

मी सोलापूरला मामाकडे राहून मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकत होते. आईचे माहेर तिथलेच. ती मराठी सातवी पास होती. ही गोष्ट आमच्या घरात अनेक वर्षे कोणाच्या उपयोगाची नव्हती. बाबांचे शिक्षण उर्दूत, कचेरीचे काम उर्दूत. मग सरकार बदलले, गावोगाव मराठी शाळा निघू लागल्या आणि मुलींना शिकवायला बाया सापडेनात. आईने कोणाला न विचारता दरखास्त लिहून टाकली. चार महिन्यांनी हुकूम आला. तुळजापूरपासून सहा मैलांवरच्या एका गावात मुलींची नवी शाळा. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या दिवशी सकाळी आठला हजर व्हायचे, न झाल्यास नेमणूक रद्द.

त्या गावाला मोटार जात नव्हती. तिथे बिऱ्हाड करून राहायचे म्हटले तर बाबा आणि माझा धाकटा भाऊ यांचे जेवण कोण करणार, आणि एकटी बाई परगावी कशी ठेवायची. रोज बारा मैल चालणे शक्य नव्हते. राहिली सायकल. बाबांनी सायकलीला नाही म्हटले नाही, एक अट घातली. सायकल बायकांची पाहिजे, मधली दांडी नसलेली. "रस्त्यात सगळ्या दुनियेसमोर टांग टाकून बसणं जमणार न्हाय," ते म्हणाले. तशी सायकल तुळजापुरात नव्हती, उस्मानाबादेतही नव्हती. सोलापुरात होती. म्हणून आईने मला कार्ड टाकले: मामाबरोबर दुकानात जा, किंमत विचार आणि उलट टपाली कळव.

दुकानात जाऊन काही विचारणे हे तेव्हा माझ्यासाठी मोठे काम होते. मी मामाच्या मागे उभी राहिले. सायकल हिरवी होती. चेनवर पुरे झाकण, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून दोऱ्यांची जाळी. दुकानदार म्हणाला, "एकशे ऐंशी. विलायती माल आहे. पुढच्या खेपेला याच भावात येईल असं सांगत नाही. पौंडाचा भाव वर गेला की आमची सायकल वर जाते." मामा हसला. "तुझी आई माझ्या सायकलवर शिकली, दांडीखालून पाय घालून," तो मला म्हणाला. "दोन्ही गुडघे फोडून घेतले होते. आता तिला जाळीची सायकल पाहिजे होय?"

घरी येऊन मी पत्र लिहायला बसले. इथे मी जे केले ते नीट सांगायला हवे.

शाळेत पहिल्या वर्षी मी एकदा चुकून हाली चवली, म्हणजे दोन आण्यांचे नाणे, पेन्सिलीसाठी पुढे केली होती. मुलींनी ती हातोहात फिरवली. एकीने विचारले, "हे खेळातलं आहे का?" तेव्हापासून मी तो शब्द उच्चारणे सोडले होते. सोलापुरात मी फक्त रुपये म्हणायची. आता आईला किंमत कळवायची म्हणजे ती घरच्या रुपयात कळवावी, बाबांना डोळे मिटून बसायला लागू नये, असे मला वाटले. गणित मला चांगले यायचे आणि ते घरी दिसावे असेही वाटत असणार. मी एकशे ऐंशीला सहाने भागले, सातने गुणले आणि कार्डावर लिहिले: "सायकल चांगली आहे. किंमत रु. २१०." हाली हा शब्द मी लिहिला नाही. कार्ड उघडे असते. पेटीत टाकण्याआधी ते मामेबहिणी वाचायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुळजापूरला आले तेव्हा सायकलीचा विषय संपलेला होता. बाबा ओसरीवर पान लावत बसले होते. मी पाया पडले तर म्हणाले, "ये. तुझं कार्ड पोचलं. दोनशे दहा कलदार! म्हंजे आपले दोनशे पंचेचाळीस. दोनशे पंचेचाळिसाला सायकल असती का कुठं? एवढ्यात म्हैस येती. म्हैस दूध तरी देती."

मी पिशवी खाली ठेवली. काय झाले ते मला लगेच कळले. मी एकदा बदललेला भाव बाबांनी पुन्हा बदलला होता. सोलापूरचा भाव आहे म्हणजे कलदारच असणार. त्यांच्या जागी कोणीही तेच केले असते.

आत आई करंज्यांचे सारण ढवळत होती. मी विचारले, "घरात किती जमले होते?"

"दोनशे पंधरा," ती म्हणाली. "पाटल्या मोडाव्या म्हटलं, तर ह्यांनी सांगितलं, सायकलीसाठी सोनं मोडणारी बाई मी ऐकली न्हाय, आणि आता ऐकायचीही न्हाय."

म्हणजे पैसे पुरत होते. दोनशे पंधरा होते आणि दोनशे दहा लागत होते. मी तिथे पाटावर बसले. बोलावे तर आधी हाली शब्द का गाळला ते सांगावे लागले असते, आणि तो का गाळला हे आईला सांगायचे म्हणजे तिच्या घरची मला लाज वाटते असेच सांगणे होते. मी करंज्या भरू लागले. सगळ्या कडा नीट मुरडल्या. एकही फुटू दिली नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "चल, बाजारात जाऊन येऊ." आम्ही वाण्याकडे न जाता सायकलवाल्याच्या टपरीवर गेलो. तो तासावर भाड्याने सायकली द्यायचा आणि पंक्चर काढायचा. दाढी पांढरी, हात कायम काळे. त्याने एक पुरुषी सायकल पुढे काढली. रंग कुठला होता ते ओळखू येत नव्हते.

"पंच्याहत्तर हाली, बाईसाब. टायर नवे टाकलेत. घंटी न्हाय, पण तिचं बाकी सगळं वाजतं, लोक आपोआप बाजूला होतात."

"ब्रेक?" आईने विचारले.

"पुढचा लागतो. मागचा मर्जीवर हाय. ही घोडी समजा. एकच गुण हाय तिचा, लाथ मारत न्हाय."

"सत्तर घ्या."

"मास्तरीणबाईंकडून नफा घेऊन मी कुठं जाणार? सत्तर द्या."

आईने कमरेच्या पिशवीतून पैसे काढले. तेवढ्यात मी म्हणाले, "आई, थांब." सायकलवाला चाकात हवा भरायला वाकला होता. मी हळू आवाजात सगळे सांगितले: दुकानातला भाव एकशे ऐंशी कलदार, मीच बदलून लिहिला, बाबांनी पुन्हा बदलला, हिरवी सायकल दोनशे दहा हालीतच येते, पैसे पुरतात. चवलीचे मात्र मी सांगितले नाही. फक्त म्हणाले, "हाली लिहायचं राहिलं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले ती रागावेल. ती मनात काहीतरी जुळवत होती.

"राहिलं की लिहिलं न्हाय?" तिने विचारले.

मी खाली बघितले.

"बरं," ती म्हणाली. "आता ऐक. हजर व्हायला चार दिवस हायेत. आज जाऊन ह्यांना सांगितलं की सायकल दोनशे दहाला मिळती, तर काय म्हणतील?"

"घेऊ म्हणतील."

"बघू म्हणतील. बघू म्हणतील, मग सराफाकडं जातील. हाली बंद होणार म्हणून सराफ आता कलदार करून द्यायला बट्टा जास्त मागतो, मग त्याच्याशी भांडतील. मग सोलापूरला कोण जाणार ते ठरवतील. तोवर तारीख जाती. दोनशे पंचेचाळीस ऐकून ते सरळ न्हाय म्हणाले. तो विषय संपला, म्हणून आज मी इथं उभी हाय." तिने सत्तर रुपये सायकलवाल्याच्या हातावर ठेवले. "घरी गेल्यावर तू तोंड उघडू नको. ते तुला छान जमतं."

हा टोमणा होता. तो मला लागला आणि लागायलाच हवा होता.

सायकल ढकलत घरी आणली तेव्हा बाबा ओसरीवरच होते. त्यांनी सायकलीकडे बघितले, मग दांडीकडे, मग आईकडे.

"ही पुरुषाची हाय."

"व्हय. पण शाळा मुलींची हाय," आई म्हणाली. "आणि नऊवारीला कासोटा असतो. दांडीचं काय ते मी बघते."

"लोक हसतील."

"हसू द्या. दोनशे पंचेचाळिसाचं हसू परवडत न्हवतं. सत्तराचं परवडतं."

आकडा बाबांचाच होता. मी आत निघून गेले आणि पाणी प्यायले.

उरलेले तीन दिवस आई पहाटे उठून गावाबाहेरच्या माळावर जायची. मी कॅरियर धरून मागे पळायची. बसण्याची युक्ती तिने स्वतःच शोधली. एखाद्या दगडाशी सायकल लावायची, दगडावर उभे राहायचे, मग पाय पलीकडे टाकायचा. म्हणजे रस्त्यात टांग उंच करावी लागत नाही. उतरताना दगड सापडला नाही तर काय, याचा विचार तिने केला नव्हता. पहिल्या दिवशी ती दोनदा बाभळीत गेली. गुरे हाकणारी एक म्हातारी ओरडली, "ए बाई, ती गाडी तुला कुठं नेती गं?" आई खाली पडल्या पडल्या म्हणाली, "शाळेत, मावशी!" तिसऱ्या दिवशी मी कॅरियर सोडला तरी तिला ते समजले नाही. ती पार विहिरीपर्यंत गेली आणि तिथून वळता येईना म्हणून हाका मारू लागली.

हजर व्हायच्या दिवशी ती सहालाच निघाली आणि मी वेशीपर्यंत सोबत गेले. बाबा दारात आले नाहीत. ते आत दाढी करत होते. पण वेशीपर्यंत आरसा घेऊन कोणी दाढी करत जात नाही, आणि मी वेशीतून परत फिरले तेव्हा ते एका गालाला साबण लावलेले तिथल्या भिंतीशी उभे होते. मला बघून म्हणाले, "गेली?" मी म्हणाले, "गेली." मग आम्ही दोघे घरी आलो.

ती दुपारी दोनला आली. कोपर खरचटलेले, पदरावर चेनचे काळे डाग. बाबा त्या दिवशी कचेरीतून जेवायला आले ते परत गेलेच नव्हते.

"किती वाजता पोचलीस?" त्यांनी विचारले.

"पावणेआठला. कुलूपच उघडलं न्हवतं. सरपंचाला उठवून आणलं."

"हजर करून घेतलं?"

आईने चोळीतून घडी घातलेला कागद काढून दिला. बाबांना मराठी वाचायला वेळ लागायचा. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, खालचा शिक्काही वाचला. मग कागद परत घडी करून, आईला न देता, स्वतःच्या कचेरीच्या कागदांत ठेवला.

"पोरी किती?"

"नऊ. उद्या अजून दोघी येतील."

सुट्टी संपली. मला सोलापूरच्या मोटारीत बसवायला बाबा आले होते. मोटार सुटायच्या वेळी खिडकीशी येऊन म्हणाले, "त्या सायकलच्या दुकानदाराला भेटलीस तर सांग. दोनशे दहा मागत होतास म्हणावं. आमच्या घरी सत्तर हालीत माणूस कामावर रुजू झालं."

"सांगते," मी म्हणाले.

एकशे ऐंशीच सांगणारे ते दुकान मामाच्या घरापासून शाळेच्या वाटेवरच होते. पुढची तीन वर्षे, शाळा संपेपर्यंत, मी लांबच्या गल्लीने जात राहिले.