आमच्याकडे ढेकूण नाहीत!

खरं तर हे मी सांगायचं नाहीये. पप्पांनी घरात सगळ्यांना बजावलंय, "कोनाच्या घरात ढेकून निघाले, ह्ये भायेर बोलायचा नाय!" पण त्यांच्या धंद्यात रोज काहीतरी घडतं. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे सगळे किस्से माझ्याकडे साठत जातात. नावं गाळून सांगते.

पप्पा आधी जासईला एका कंटेनर यार्डात औषध फवारायचे. नोकरी सोडून त्यांनी कामोठ्यात स्वतःचं पेस्ट कंट्रोल सुरू केलं. काम एकदम चोख, पण फोनच येईनात. "दिवालीपर्यंत बघतो, नायतर परत यार्डात," ते म्हणाले. तेव्हा आत्या पुढे सरसावली. "दादूस, तुला जायरात नको, पीआर पायजे! आपन नाय बोलायचा, लोकांनी बोलायला पायजे!"

*

लोकांनी बोलायचं, इथेच तर गोची होती! पहिल्याच गिऱ्हाईक काकूंनी आत्याच्या मोबाईलसमोर भरभरून कौतुक केलं. "कधी नव्हे ते शांत झोपलो हो!" शेवटी म्हणाल्या, "टाका बिनधास्त. फक्त माझा चेहरा, आवाज आणि सोसायटीचं नाव काढा!"

*

मग आत्याने पप्पांच्या स्कूटरवर हा एवढा लाल ढेकूण रंगवून घेतला. झालं! प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, "या, पण गाडी शेजारच्या बिल्डिंगखाली लावा." एकदा त्या शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका तावातावाने खाली आले. "ओ, आमच्या मुलीला आज बघायला येतायत! हा किडा हलवा आधी!"

*

एका लोकल पेपरचा पत्रकार आला. त्याला समाधानी गिऱ्हाइकाचा फोटो हवा होता. कुणीच तयार होईना, म्हणून आत्याच स्वतःच्या सोफ्यावर हसत बसली. फोटो काय झकास छापून आला! तेव्हापासून भिशीच्या बायका तिच्या घरी उभ्यानेच चहा पितात.

*

पण सगळ्यात भारी किस्सा आमच्या घरामागच्या सोसायटीचा. आत्याने तिथल्या हॉलमध्ये फुकट माहितीचा कार्यक्रम ठेवला. हॉल गच्च! आत्याने विचारलं, "कोनाच्या घरात ढेकून हायत?" एकही हात वर नाही. सेक्रेटरी काका उठून म्हणाले, "आमची सोसायटी ढेकूणमुक्त आहे!" टाळ्या!

मी दाराशी पप्पांची कार्डं घेऊन उभी होते. जाताना जो तो हळूच म्हणाला, "दे एक. गावच्या घरासाठी हवंय."

घरी पोचेपर्यंत फोन सुरू! आणि सगळ्यांना वेळ एकच हवी: रविवारी सकाळी, सोसायटीची पिकनिक निघून गेल्यावर. म्हणजे बघायला कुणी नको. आनंदाच्या भरात आत्या सगळ्यांना हो म्हणाली.

रविवारी आम्ही पोचलो, तर खाली पिकनिकची बस रिकामीच हॉर्न मारतेय. वर प्रत्येक दार किलकिलं, आणि प्रत्येक फटीतून एक डोकं पप्पांना खुणावतंय. मग त्या डोक्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी सेक्रेटरी काका बाहेर आले. "पहिला नंबर माझा! सेक्रेटरी आहे मी!"

आत्याने पटकन मोबाईल वर धरला. काकांनी केसांवरून हात फिरवला आणि थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "हो, आहेत आमच्याकडे ढेकूण. तुमच्याकडेही आहेत. आम्ही फक्त आधी फोन केला!"

तो व्हिडिओ आत्याने सगळ्या ग्रुपवर टाकला, आणि तेव्हापासून पप्पांचा यार्डात परत जायचा विषयच—

"सई! उचल ना गो तो फोन! हात औषधानं भरलेत माजे!"