औषध नाई, जडीबुटी होती

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण शहाण्यासुरत्या माणसांनी मला इतकं थकवलेलं दुसरं प्रकरण नाही. नावं घेत नाही. गाव हिंगणीच्या बाजूचं, एवढं पुरे.

मी तेव्हा सेलू तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वर्ध्याच्या रुग्णालयातून सूचना आली की भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली पन्नाशीपुढची एक बाई बेशुद्ध अवस्थेत दाखल झाली आहे आणि विषबाधेचा संशय आहे. स्टेशन डायरीला नोंद होते न होते तोच बाईचा भाऊ ठाण्यात हजर. खुर्चीवर बसायलाही तयार नाही.

"साहेब, सुनेनं घातलं काहीतरी जेवणात. आठवडाभर भांडून राह्यली होती माह्या बहिणीशी. 'तुमचं बंदच करतो' म्हणे! साऱ्या गल्लीनं आयकलं."

त्याच दुपारी एका शेजाऱ्याचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हता. बाई आजारी पडायच्या दोन-तीन दिवस आधी सुनेला उकिरड्यात प्लास्टिकचा डबा पुरताना त्याने पाहिलं होतं. फवारणीचं औषध प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतं, त्यामुळे आमच्या मनात काय आलं ते सांगायला नको. पंच घेऊन गेलो, उकिरडा उकरला, डबा सापडला. तळाशी तपकिरी भुकटी चिकटलेली होती. लेबल नाही. पंचनामा करून डबा सील केला आणि सुनेला महिला हवालदारासोबत ठाण्यात बोलावलं.

पंचविशीतली मुलगी. बसल्या जागी ओढणी मुठीत धरून होती. डब्यात काय होतं विचारलं की खाली बघायची. का पुरला, तरी गप्प. गुन्हेगार अनेकदा बडबडतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. पण मुक्या माणसाचा जबाब कसा लिहायचा?

घरच्यांकडे वळलो. मुलाला विचारलं, "आईला कुठलं औषध चालू होतं?"

"नाई साहेब. कोणतंच नाई."

नवऱ्याला विचारलं. त्याचंही तेच. भाऊ तर उखडलाच, "तिले कायचं औषध? ठणठणीत होती थे!" तिघांच्या तोंडी एकच उत्तर, आणि तिघेही मनापासून बोलत होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण खोटं बोलणारा माणूस मला परवडतो. त्याला पकडता येतं.

रुग्णालयात गेलो. बाई शुद्धीवर यायला लागली होती, पण बोलण्याइतकी नाही. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हे कीटकनाशक वाटत नाही," त्या म्हणाल्या. "चेहरा बघा, गोल सुजलेला. कातडी पातळ झाली आहे, जरा धक्का लागला की काळंनिळं होतं. बरेच महिने स्टेरॉइड पोटात गेलं की असं होतं. शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. मग बाहेरचं एकाएकी तोडलं की रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. आम्ही त्याचंच इंजेक्शन दिलं, म्हणून सावरल्या. त्या काय घेत होत्या?"

"काहीच नाही म्हणतात सगळे."

"शक्य नाही," मॅडम म्हणाल्या. "गुडघेदुखीवरच्या गावठी पुड्यांतही हे मिसळलेलं सापडतं."

परत येऊन सुनेसमोर बसलो. या वेळी डब्याचं नाव काढलं नाही. विचारलं, "सासूबाईंचे गुडघे दुखायचे का ग?"

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "लय दुखत होते साहेब. मंग थे भुकटी सुरू केली. रोज सकायी एक चमचा. पह्यल्याच दिवशी वावरात गेल्या चालत. पण मंग तोंड सुजलं, हातावर काळे डाग याले लागले. मी म्हनलं, बंद करा. त्या आयकेच ना. मी डबाच पुरून टाकला. अन् दोन दिसांत त्या पडल्या." तिला रडू आवरेना. "माह्याच्यानंच झालं साहेब. कोणाले सांगू?"

"भुकटी आणली कोणी?"

"मामांनी."

मामा म्हणजे सासूचा भाऊ. सकाळपासून माझ्या टेबलावर हात आपटणारा, सुनेला बेड्या घाला म्हणणारा फिर्यादी! त्याला आत घेतलं.

"बहिणीला भुकटी तू आणून देत होतास?"

"हो," तो बिनदिक्कत म्हणाला. "पिपरी मेघेच्या एका वैद्याकडून आणत होतो. देवमाणूस आहे तो."

"मग मघाशी मी औषध विचारलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"औषध नाई साहेब, जडीबुटी होती! पाल्यामुळ्याले औषध काऊन म्हनन?"

मी उठून खिडकीशी गेलो आणि थोडा वेळ बाहेर बघत उभा राहिलो. दुसरं काही केलं असतं तर माझ्यावरच चौकशी लागली असती.

औषध निरीक्षकांना सोबत घेऊन पिपरी मेघेतल्या त्या घराची झडती घेतली. स्वच्छ अंगण, तुळस, बाहेर चपलांचा ढीग. माणूस कधीकाळी एका दवाखान्यात कंपाउंडर होता. मागच्या खोलीत वाळलेली मुळं आणि मिक्सर. कपाटात वेदनाशामक आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांचे डबे. आधी तो मला आयुर्वेद शिकवू लागला. मी गोळ्यांचा डबा पुढे सरकवल्यावर आवाज उतरला.

"नुसत्या मुळ्यांनं महिना लागते साहेब. तेवढं कोण थांबते? पह्यल्या दिवशी आराम पडला नाई तं गिऱ्हाईक फिरून येत नाई."

गुन्हा नोंदवला, मुद्देमाल जप्त केला, नमुने प्रयोगशाळेत गेले. अहवाल डॉक्टर मॅडमनी सांगितला तसाच आला. पण मॅडमनी आधीच बजावलं होतं, "अजून किती लोक हे खातात देव जाणे. त्यांना नुसतं 'बंद करा' सांगू नका. तपासायला पाठवा. आम्ही हळूहळू कमी करू." म्हणून गावोगाव ऑटोवर भोंगा लावला, व्हॉट्सअॅपवर निरोप फिरवले.

लोक आले. रुग्णालयात कमी, ठाण्यात जास्त. एक आजोबा काठी टेकत आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, जप्त केलेल्यातली एखादी पुडी भेटन काय?" मी त्यांना ठाण्याच्या गाडीतून रुग्णालयात पाठवलं. जाताना मला शिव्या देत होते.

बाई बरी होऊन घरी आली. मामा फिर्याद मागे घेण्याबद्दल विचारायला ठाण्यात आला. मी विचारलं, "सुनेशी बोललास?"

"तिच्याशी काय बोलाचं साहेब? लहान आहे थे."

"मग आधी घरी जा."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा सून सोबत होती. तो दारातच घुटमळला. ती मात्र सरळ माझ्या टेबलापर्यंत आली आणि म्हणाली, "बोलले मामा. चुकलो म्हनले, साऱ्याइच्या समोर."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी एक गोष्ट शिकवली. आजारी माणसाच्या घरी 'औषध चालू आहे का' असं विचारायचं नाही. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते विचारायचं: काढा, भुकटी, ताकदीची पावडर, जाहिरातीतल्या गोळ्या, शेजारणीने दिलेलं चाटण. डॉक्टरलाही तेवढंच मोकळेपणी सांगायचं. झाडपाला वाईट नसतो, पण डब्यात झाडपालाच आहे हे कोणी तपासलं? आणि कोणी तपासा म्हणालं, तर घरात सगळ्यात आधी त्याचंच तोंड बंद केलं जातं. त्या मुलीने डोळे उघडे ठेवले होते. आम्ही सगळे मिळून तिलाच आरोपी करायला निघालो होतो.