दाराशी म्हणायचा शब्द

सीवूड्सच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी नवख्यांना जपानी शिकवते. येणारे बहुतेक तिकडे नोकरीला निघालेले तरुण. त्यामुळे साठीच्या एक बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, मुलासाठी चौकशी करायला आल्या असतील.

"माना शिकायचंय," त्या म्हणाल्या. माना म्हणजे मला, त्यांना स्वतःलाच.

मावशी तळवलीच्या मूळ गावातल्या. एकुलता मुलगा जपानला कारखान्यात कामाला होता, आणि तिथेच एका रात्री झोपेत गेला. ज्या म्हाताऱ्या बाईच्या घरात तो भाड्याने राहायचा, ती दर रविवारी मावशींना व्हिडिओ कॉल करायची.

"ती रडते, मी रडते. मंग फोन ठेवतो. काय तरी बोलाया नको?"

मी 'कोन्निचिवा', म्हणजे नमस्कारापासून सुरुवात केली. शेताच्या पलीकडे हाक मारावी तशा त्या मोठ्याने म्हणायच्या. 'आरिगातो गोझाइमास' त्यांना फार लांबलचक वाटायचं. "आभाराला एवढा येळ?" म्हणून हसायच्या.

एका रविवारी त्यांनी माझ्या घरूनच फोन लावला. आपल्याकडे दुपार होती, तिथे अंधार पडला होता. मावशींनी पाठ केलेलं सगळं नीट म्हटलं. म्हातारीने आनंदाने तोंडावर हात ठेवला. ती काहीतरी सांगत होती, आणि वाक्याच्या मध्येच तिने मान वळवली. मागच्या अंधाऱ्या दाराकडे बघून म्हणाली, "ओकाएरी."

"कोन आयलं?" मावशींनी मला विचारलं.

मी जपानीत तेच विचारलं. म्हातारी ओशाळली. घरात ती एकटीच असते. मावशींचा मुलगा याच वेळी कामावरून यायचा. दार सरकवून 'तादाइमा' म्हणायचा. ते अजून ऐकू येतं, म्हणून उत्तर दिलं जातं.

मी मावशींना अर्थ सांगितला. तादाइमा म्हणजे मी आलो. त्यावर घरातली माणसं म्हणतात ओकाएरी, आलास का.

मावशी फोनच्या अगदी जवळ गेल्या. "माना दार दाखव."

म्हातारीने फोन फिरवला. दार बंद होतं. खाली बायकांच्या सपातांशेजारी मोठे पुरुषी बूट, टाचा घराच्या बाजूला करून नीट ठेवलेले. मावशी खूप वेळ बघत राहिल्या. फोन बंद करा म्हणायचा धीर मला झाला नाही.

पुढे काही आठवड्यांनी म्हातारीने सांगितलं, आवाज थांबलाय. संध्याकाळी ती वाट बघते, पण कोणी येत नाही. हे सांगताना तिला रडू आलं. मावशी रडल्या नाहीत. त्यांनी तिला आरिगातो म्हटलं, सगळं, शेवटपर्यंत, आणि पर्स उचलून निघाल्या.

त्यानंतर त्या क्लासला आल्याच नाहीत. मला चैन पडेना, म्हणून एका संध्याकाळी तळवलीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला. चेहरा शांत होता, जरा भरलेलाही वाटला.

"क्लास सोडलात, मावशी?"

"संध्याकाळी घर सोडवत नाय," त्या म्हणाल्या. मग हळूच, "तो येतो. पन आपल्या भाषेत बोलत नाय ग. तादाइमाच बोलतो."

बाहेर दिवे लागले होते, रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

"ओकाएरी बोलते मी. पन त्याच्या फुडं काय बोलायचं, ते तू शिकवलं नाय. जेवलास का, ते कसं इचारतात?"

हे आपण का करतोय, ते मला कळत नव्हतं. तरी मी सांगितलं, "गोहान ताबेता?"

त्यांनी दोनदा मनातल्या मनात घोकलं. मग उघड्या दाराकडे तोंड करून, क्लासमध्ये कधी आला नाही इतक्या मऊ आवाजात विचारलं. आणि त्या थांबल्या.

दारात कोणी नव्हतं. चहाचा कप हातात धरून मीही उत्तराची वाट बघत होते.