एका मुठीचा भात

आज गॅसवर पेज उतू गेली आणि त्या वासानं बोथ गावाजवळची आमची मराठी शाळा आठवली. पाच वर्ग, एक खोली आणि शिकवायला मी एकटी. स्वयंपाक करणारी अनसूया रोज दारातून पोरांची डोकी बघायची आणि दर डोक्यामागं एक मूठ तांदूळ घ्यायची. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला लागली, तशा मुठी घटत गेल्या.

एका सकाळी खोलीत फक्त मी होते. तिनं दारातून पाहिलं आणि एक मूठ तांदूळ घेतले.

"काऊन घेऊन राह्यली? एकबी पोरगं नाई आलं," मी वैतागले.

"तुमी हाय न, बाई."

रिकाम्या वर्गात बसून मी इतकी थकले होते, की तिनं शिजवलेला भात तसाच ठेवून घरची बस गाठली. आता कळतं, चूल पेटवायला तिच्याकडं माझ्या वाटची ती मूठ, तेवढंच कारण उरलं होतं.