किहीम की आवास

जगात कुठलीही वस्तू एकेकटीच निर्माण झाली असती, तर माझे भाऊजी अत्यंत सुखी माणूस झाले असते. त्यांच्यासमोर एक पेरू ठेवा, आनंदाने खातील. दोन ठेवा, दोन्ही सुकून जातील. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, दारव्ह्याजवळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. बैलबंडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा, धाग्याची लांबी, ओलावा, कचरा पाहायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. तिथे ते क्षणभरात उरकायचं, म्हणूनच की काय, घरी वर्षानुवर्षं चालायचं. लग्नाच्या बैठकीत त्यांनी आमच्या बाबांच्या धोतराचा सोगा चिमटीत धरून, "धागा आखूड आहे," असं भर सभेत सांगितलं होतं. ताईला पाहायला ते तीनदा आले. आमच्या घरात दाखवायला एकच मुलगी होती म्हणून लग्न जमलं. पुढे घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी भिंतीवर दोन रंगांचे पट्टे ओढून पाहिले. ते पट्टे अजून तसेच आहेत आणि ताई त्यांवर कॅलेंडर टांगते.

ताईने समुद्र पाहिला नव्हता. ती शाळेत भूगोल शिकवायची, फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढायची, आणि लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात भाऊजींनी तो दाखवायचा शब्द दिला होता. त्याला बावीस उन्हाळे झाले. कापसाचे भाव कोसळलेली ती वर्षं होती. भाऊजी केंद्रावरून घरी यायचे ते धड जेवायचेही नाहीत. एका मे महिन्यात मीच चंग बांधला. माझ्या बँकेतल्या एकाने अलिबागेकडची शेजारशेजारची दोन गावं सुचवली, किहीम आणि आवास. मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले, नारळाच्या वाड्या, आणि इतकी शांतता की बोलतानाही माणूस आवाज खाली घेतो. माझी घोडचूक एवढीच झाली की मी भाऊजींना दोन्ही नावं सांगितली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन्ही गावांतल्या मुक्कामाच्या घरमालकांना पत्रं लिहिली, की कृपया आपल्या किनाऱ्याची मूठभर वाळू पोस्टाने पाठवावी. मी कपाळावर हात मारून घेतला. आश्चर्य म्हणजे त्या भल्या लोकांनी वाळू पाठवली. भाऊजींनी ताईला बजावलं की वाळू दोन पुड्यांत बांध, पुड्यांवर फक्त नंबर टाक, कोणता नंबर कुठला ते मला कळू देऊ नकोस. माल कोणाचा हे ठाऊक असलं की हात पक्षपात करतो, असं त्यांचं म्हणणं. पण आवासचं पाकीट वाटेतच फाटून रिकामं झालं होतं. ताईने ते हळूच चुलीत घातलं आणि किहीमच्याच वाळूच्या दोन पुड्या केल्या.

"यायले सांगू नको," भाऊजींच्या खोलीकडे बोट दाखवत ती मला म्हणाली. "दुसरी वाळू मागवतीन, अन् तवर मिरग लागन."

तीन संध्याकाळी भाऊजी उत्तरेच्या खिडकीशी बसले. उन्हात रंग फसवतो म्हणून उत्तरेचा उजेड. चिमूट घ्यायची, तळहातावर पसरायची, फुंकर मारायची, वहीत टिपायचं. माझी रजा मंजूर होऊन पडलेली, ताईची बॅग भरून दारात, आणि हे आपले वाळू हुंगताहेत. चौथ्या दिवशी निकाल लागला. एक नंबरात कचरा आहे, दोन नंबर साफ आणि सरस. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच ते म्हणाले की गंजीचा माल एका चिमटीवर ठरवत नाहीत, आणखी एक नमुना मागवू.

माझं डोकं फिरलं. ताई डोळ्यांनी नको नको म्हणत असतानाही मी सांगून टाकलं की दोन्ही पुड्यांत एकच वाळू आहे.

भाऊजी रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही पुड्यांतून पुन्हा एकेक चिमूट घेतली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"मंग मी सेंटरवर काय करून राह्यलो, सुधाकर?" ते म्हणाले. "लोकं दोन-दोन दिवस रांगेत बंडी लावून बसते. मी हात घालतो अन् माल दुसऱ्या प्रतीचा म्हनतो. थो मानूस काहीच बोलत नाही. मान खाली घालते अन् बैल सोडते."

ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली. माणूस घरी का अडून बसतो हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. दिवसभर कुणाला तरी दुय्यम ठरवून आलेल्याला संध्याकाळी पेरूलाही दुय्यम ठरवणं जड जात असेल. थोड्या वेळाने ताईनेच सांगितलं की आपण आवासला जाऊ, तिथल्या वाळूला अजून कुणी नंबर दिलेला नाही. भाऊजींनी नुसती मान हलवली.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. ताई साडी घोट्यावर धरून पाण्यात शिरली आणि एकटीच हसत राहिली. डावीकडे झाडांच्या रांगेखाली किहीमचा किनारा दिसत होता, चालत जाण्याइतका जवळ. भाऊजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईने त्यांना विचारलं, कसा वाटला समुद्र.

"चांगला आहे," ते म्हणाले.

मी थांबलो. त्यांच्या "चांगला आहे"च्या मागोमाग आजवर "पण" आला नाही असं कधी झालं नव्हतं, आणि त्या "पण"ने माझं अर्धं डोकं पिकवलं होतं. लाटा येत-जात राहिल्या. भाऊजी पुढे काहीच बोलले नाहीत, आणि मला तो "पण" फार हवा होता.