दोन वाजून दहा मिनिटांच्या सिस्टर

असले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं काढली. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, ही तिथली शिस्त. म्हणून खाली जे देतोय ते आठवणीतून नाही, वहीतून देतोय.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या पायात रक्ताची गुठळी झाली. वय एक्याऐंशी. कल्याण-शीळ रोडवरच्या एका हॉस्पिटलात पाच दिवस होते. नाव मुद्दाम देत नाही. दोन बेडची खोली, दुसरा बेड रिकामा. मी रजा टाकून दिवसभर तिथेच. कोण आलं, किती वाजता, बीपी किती... सगळं वहीत.

आप्पा तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या – काही वारी अर्धी, काही वारी पूर्ण. नर्स भराभर सांगायची आणि शेवटी विचारायची, "समजलं ना आजोबा?" आप्पा म्हणायचे, "हो हो, समजलं." शिकलेला माणूस, त्याला पुन्हा काय विचारायचं? ती पुढच्या खोलीत. मीही मान डोलवायचो.

दुसरा दिवस, दुपारी २.१०. एक सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, अंगात राखाडी स्वेटर, छातीवर पिनेने लावलेलं जुन्या पद्धतीचं घड्याळ. फाइलला हात लावला नाही. बेडच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"आजोबा, बुधवारी किती गोळी?"

"समजलंय मला सगळं. तीस वर्षं लोकांना अर्ज समजावून दिलेत मी."

"मग मलाही समजावून द्या की."

आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पूर्ण... का अर्धी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या वहीत गोळीचं नाव होतं, ताकद होती, वेळ होती. वार लिहिलेच नव्हते.

सिस्टरांनी एकेक वार सांगितला, तीनदा म्हणवून घेतला आणि गेल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा २.१०. पुन्हा वार. आप्पा न चुकता बोलले.

चौथ्या दिवशी प्रश्न बदलला.

"शौचाला डांबरासारखं काळं झालं तर काय करणार?"

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आप्पा खजील होऊन म्हणाले, "असलं घरात कसं बोलणार? सूनबाई असते."

"सूनबाईलाच सांगायचं. लगेच. म्हणा."

सिस्टरांनी तीनदा म्हणवून घेतलं. त्या विचारत होत्या, पण चेहरा विचारणाऱ्याचा नव्हता. तारीख ठाऊक असलेल्याचा होता... हेही मी तेव्हाच लिहिलंय.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज. माझी बायको मेधा पिशवी भरत होती, मी तिच्या शेजारी औषधं मोजत होतो. २.१०. सिस्टर दारातच थांबल्या.

"आता तुम्ही सांगा बघू. तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर काय करायचं?"

मी म्हटलं, "सिस्टर, आप्पांच्या पायाला झालंय."

"आजोबांना नाही विचारलं मी. पाणी पाजायचं नाही. घड्याळ बघून वेळ लिहायची. तडक हॉस्पिटल गाठायचं, उद्यावर टाकायचं नाही. म्हणा."

आम्ही दोघांनी शाळेतल्या पोरांसारखं तीनदा म्हटलं.

घरी आल्यावर तिसऱ्या सकाळी आप्पा बाथरूममधून निघाले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात. "मेधा, काळं झालंय. डांबरासारखं." उभ्या आयुष्यात सुनेसमोर असा शब्द न काढलेला माणूस! तासाभरात पुन्हा अ‍ॅडमिट केलं. आतून रक्त जात होतं. डॉक्टर म्हणाले, "आज आणलंत म्हणून." आप्पा वाचले.

रोज २.१० ला येणाऱ्या सिस्टरांचे आभार मानायचेत, असं मी काउंटरवर जाऊन सांगितलं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "दोन ते अडीच आमची ड्यूटी बदलते, सर. सगळ्या इथेच असतो. बेडकडे कुणीच नसतं."

मी स्वेटरचं सांगितलं. घड्याळाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझी वही घेऊन चारही नोंदी वाचल्या. 'कोण' असं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते वेगळंच –

"तुम्हाला काही विचारलं का त्यांनी?"

मी सांगितलं.

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "उत्तर पाठ ठेवा, सर."

"पण त्या कोण?"

"आजपासून आमच्या मजल्यावर कुणी नुसतं 'समजलं ना' विचारणार नाही. परत म्हणवून घेतील सगळ्यांकडून. याच्यापुढे मला विचारू नका."

संध्याकाळी मेधाला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "अहो, ते शेवटचं विचारताना त्या बघत कुणाकडे होत्या? तुमच्याकडे की माझ्याकडे?"

मी वही उघडली. वेळ आहे. प्रश्न आहे. उत्तर शब्दन् शब्द आहे. एवढंच लिहायचं राहिलं. तिलाही आठवत नाही.

याचा अर्थ मला लावता आलेला नाही, आणि ओढूनताणून लावणार नाही. दाराशी भिंतीवर घड्याळ लावलंय, खाली दोरीला पेन बांधलंय. सकाळी चहा ओतला की आम्ही दोघं आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.