उसाकडं तोंड

ओतूरजवळ सरकारी अनुदानातून निसर्गवाट झाली, तिचा हा राखणदार. तिथले बाक डोंगराकडं तोंड करून बसवलेत. मागं नुसता ऊस. हा मात्र बाकावर उलटा, उसाकडं तोंड करून बसतो. विचारलं, तर म्हणाला, "अनुदानवाल्यांनी डोंगर बघितला, राव. बिबट्या आता डोंगरात ऱ्हातो व्हय? त्यो उसातच वाढला."

मी समोर उभा राहून बोलायचो, तरी हा माझ्याकडं बघायचाच नाही. नजर माझ्या खांद्यावरून थेट उसात. मला त्याचा रागच यायचा.

काल बोलता बोलता ती नजर उसातून हळूच निघाली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांवर येऊन थांबली. आवाज नेहमीचाच होता.

"भाऊ, माझ्याकडंच बघा. बोलत ऱ्हावा. मागं वळू नका."